बेसिन

सेमिनरी हिल्सच्या उतारावर, वाळ्याच्या कूलरमागे
दगड कापायची खोली.
मे महिना, सत्तेचाळीस अंश,
आणि ट्रेमध्ये अंदमानचा समुद्र,
मनगटाएवढा जाड, करडा, खारटपणा विसरलेला.
बोटीनं चेन्नईपर्यंत, पुढे मालगाडीनं.

नत्थूजी उईके त्याचा काप काढतात,
काचेवर चिकटवतात, पावडर टाकून घासत बसतात
तीन शतांश मिलिमीटर होईपर्यंत.
तेवढा झाला की दगडातून उजेड जातो.
एक हात जास्त फिरला, की दगडच जातो.

मी नवी होते. फळ्यावर दोन रेषा काढल्या:
ही प्लेट त्या प्लेटखाली सरकते, वर्षाला नखाएवढी.
ते पाहत राहिले. मान हलवली नाही.
"सरकू द्या जी. पण समुद्र म्हंजे आधीच खड्डा.
त्याच्यात हा दुसरा खड्डा पडला काहून?"

मग मी त्यांच्याच मोठ्या काचेवर हात पालथा टेकवला
आणि काच माझ्याकडे ओढली.
काच हाताखाली निघून गेली.
तिच्यावरचा लगदा गेला नाही;
करंगळीच्या कडेला खरवडत, सुरकुतत, एकावर एक चढत
त्याची बुटकी टेकडी झाली.
टेकडी अलीकडे, बोटांचे सांधे पलीकडे,
मध्ये एक खळगा.
कोणी खणला नाही, नत्थूजी. उरला.

त्यांनी बाटलीतून थेंब थेंब पाणी सोडलं.
गाळ ओघळला, खळग्यात थांबला.
"भरला," ते म्हणाले.

तिथं भरत नाही.
गाळ येतो, गाळाच्या ओझ्यानं तळ खचतो,
खचला की जागा, जागा झाली की गाळ,
असं कित्येक लाख वर्षं, कित्येक किलोमीटर.
"वाढत्या पोराचं पोट," नत्थूजी हसले,
"जेवढं घाला तेवढी जागा."
माझ्या प्रबंधात हे वाक्य नाही.
असायला हवं होतं.

काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.
तळाशी जाड कण, वर बारीक, त्याहून वर नुसता चिखल,
आणि अचानक पुन्हा जाड.
तिथं एकदा जमीन हादरली होती.
उतारावरचा गाळ सुटला, काळोखात धावला,
थकला तेव्हा जड ते आधी बसलं.
पांढरा कण हिमालयातून आला असेल,
शेजारचा पट्ट्यापट्ट्यांचा, जवळच्या ज्वालामुखीतून.
कोण कुठले, एका खळग्यात.

नत्थूजींनी डोळा लावला तो काढलाच नाही.
"एकतीस वर्सं झाली घासून. समुद्र काही पाह्यला नव्हता."

त्यांचा बाप मनसरच्या खाणीत मँगनीज फोडायचा.
मी सांगितलं, तो काळा दगडही समुद्राचाच गाळ,
मासे जन्मायच्या कितीतरी आधीचा,
दोन जमिनी भिडल्या त्यांच्या चिमटीत सापडलेला,
निदान आम्ही तसं मानतो.
"म्हंजे बाप समुद्रातच गेला म्हना,
फुफ्फुसात काळं घेऊन."
कूलरचा पंप कोरडा पडून खरखरला.
बादली आणायला मीच उठले.

एकतीस मेला त्यांना नारळ, शाल, भिंतीवरचं घड्याळ.

ऑगस्टमध्ये त्यांच्या टेबलाजवळचं बेसिन तुंबलं.
ते रोज तिथंच हात धुवायचे.
प्लंबरनं खालचा वाकडा पाइप सोडवला, आपटला,
आणि फरशीवर अख्खा एक गाळाचा दंड पडला:
करडा, काळा, तांबूस, पुन्हा करडा,
कुठे जाड, कुठे लोण्यासारखा.
"फेकू का, मॅडम?"

वर्तमानपत्रात गुंडाळला. चिठ्ठी लावली.
ठिकाण: नागपूर. खोली: दीड फूट.
वय: एकतीस वर्षं, जवळजवळ.
संग्राहक: न. उईके.

नळाचा वायसर बदलायचा राहिला होता.
पाणी टपकतच होतं.